आयल ऑफ वाइटचे वैद्य

माझी आई साडेचार महिने रोज दोन वेळा सिसिलीकडची वाईन पीत होती आणि हे घरात फक्त मला माहीत होतं.

आईलासुद्धा माहीत नव्हतं.

मी मुळात बोलणारा माणूस नाही. इंग्लंडात बेसिंगस्टोकच्या एका आयटी कंपनीत बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून काढतो (त्याला टेस्टिंग म्हणतात) आणि स्वतःच्या पोटात ठेवतो. घरी माझा शब्दसंग्रह 'हं', 'बघू' आणि 'रिमोट कुठाय' एवढाच. त्यामुळे हे सगळं लिहून काढणं मला अवघडच. पण वय चौपन्न झालं. आता नाही बोललो तर बहुधा बोलणारच नाही.

सुरुवात आमच्या रमापासून केली पाहिजे. रमा आमची एकुलती एक. बेसिंगस्टोकमध्ये जन्मली (मराठी बोलते, पण 'तो, ती, ते'चा गोंधळ करते), केमिस्ट्री शिकली आणि लंडनमधल्या एका छोट्या कंपनीत लागली. काम काय, तर भूमध्य समुद्रातल्या बेटांवर जाऊन वाइन्स चाखायच्या, निवडायच्या आणि इकडे आणायच्या. सिसिली, सार्डिनिया, क्रीट! मी तिच्या वयात असताना सांगलीच्या पलीकडे गेलो नव्हतो. तिनेच मला शिकवलं, की एटनाच्या उतारावरची लाल वाईन थोडी गार करून घ्यायची आणि ती भरल्या वांग्याबरोबर बहार आणते. सार्डिनियाची पांढरी तळलेल्या बांगड्याबरोबर. वाटीभर आमटी प्यायल्यासारखी वाईन प्यायची नाही. आधी ग्लास गोल फिरवायचा, मग हुंगायचं, मग विचार करायचा, मग एक घोट. हे चार धडे शिकून मी ऑफिसात जाणकार म्हणून मिरवायला लागलो. 'ज्वालामुखीची माती' असं म्हटलं की इंग्रज माणूस गप्प होतो, हे माझ्या लक्षात आलं होतं.

मला रमाचा अभिमान होता. इतका, की कॉफी मशीनपाशी कुणी एकटा सापडला तर मी त्याला सोडत नसे. फक्त एका व्यक्तीला मी हे सांगितलं नव्हतं.

"आई, रमा द्राक्षांच्या इम्पोर्टमध्ये आहे," असं मी तासगावला फोनवर सांगितलं होतं. (तांत्रिकदृष्ट्या यात काहीही खोटं नाही.)

"अगं बाई! द्राक्षं!" आई हरखली. "माझ्या मामांच्या वळणावर गेली पोर!"

आईचे मामा तासगावचे द्राक्षबागायतदार. त्यांच्या बेदाण्याच्या शेडच्या दारात आई सुट्टीभर बसायची. मूठभर बेदाणा नाकाशी धरायचा आणि सांगायचं, हा वेळेवर उचललाय, हा चार दिवस जास्त राहिलाय. व्यापारी मामांशी हुज्जत घालत, आईशी नाही. पुढे ती मुख्याध्यापिका झाली आणि मुलांच्या खिशांचे वास घेऊ लागली. दारू म्हटलं की तिच्या कपाळावर जी आठी पडायची, ती पाहूनच आमचे वडील आयुष्यभर ताक प्यायले.

तर अशी आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे यायची होती. ती यायच्या दिवशी सकाळी मी हीथ्रो विमानतळावर निघणार, तोच किचनच्या ओट्यावर रमाने दिलेली पँतेलेरियाची बाटली दिसली. पँतेलेरिया म्हणजे सिसिलीच्या खाली, आफ्रिकेच्या नाकासमोरचं एक इवलंसं बेट. तिथे द्राक्षं उन्हात वाळवतात आणि त्या सुकलेल्या द्राक्षांची गोड, मधाळ वाईन करतात. बाटली नुकतीच उघडलेली. ओतून टाकायला जीव होईना. लपवायला जागा नाही. तेवढ्यात औषधांच्या कपाटात द्राक्षासवाची रिकामी बाटली दिसली, आई गेल्या खेपेला ठेवून गेलेली. तपकिरी काच, मोठं लेबल. मी वाईन त्यात ओतली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन गाडी काढली.

द्राक्षासवाच्या बाटलीकडे आईचं लक्ष जाणार नाही, असं मला का वाटलं हे मला आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवण झालं. आईने कपाट उघडलं. "अरे वा, आणून ठेवलंस होय रे! गुणाचं बाळ माझं." दोन मोठे चमचे, समभाग पाणी, एक घोट. मी खुर्चीला धरून उभा.

आई थांबली. जीभ टाळ्याला लावली. "विलास..."

"हं?"

"ह्या खेपेचं फार चांगलं आहे रे!"

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "बघू."

(हे त्या वाक्याचं उत्तर होऊ शकत नाही, याची मला कल्पना आहे.)

दहा दिवसांत बाटली तळाला गेली. आता काय करणार? मी दुसरी आणली आणि चोरून भरली. मग तिसरी. चौथ्या वेळी तीच मिळेना, म्हणून सुपरमार्केटमधली कसलीतरी स्वस्त गोड वाईन भरली. पहिल्या चमच्यालाच आईने तोंड वाकडं केलं. "यात साखर घातलीये. आणि बेदाणा नाहीच हा, ओली द्राक्षं आहेत. तुझ्या त्या माणसाला सांग, असली भेसळ चालायची नाही." मी भर पावसात विंचेस्टरपर्यंत जाऊन खरी आणली.

तिकडे माझी बायको मेधा रीसायकलिंगच्या डब्यात रिकाम्या बाटल्या मोजत होती. ती फार्मासिस्ट आहे. तिच्या नजरेतून डोस सुटत नाही. "अहो, दहा दिवसांत एक? आणि एवढी गोड? शुगरची टेस्ट बुक केलीये तुमची." मी मान खाली घालून रक्त देऊन आलो. चहातली साखर बंद झाली. आई वाईन पिऊन ताजीतवानी आणि मी बिनसाखरेचा चहा पिऊन प्रायश्चित्त घेतोय, असा महिना गेला.

आईचे गुडघे म्हणे दुखायचे थांबले. ती रोज पार्कला दोन फेऱ्या मारू लागली. इथपर्यंतही निभावलं असतं. पण आईने इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवात ही बातमी फोडली आणि मंडळाच्या सेक्रेटरी शैलाताई माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"विलासराव, द्राक्षासव कुठून आणता हो तुम्ही? आम्हाला मिळतं ते नुसतं कडू!"

"ते... एक वैद्य आहेत."

"कुठे?"

माझ्या डोक्यात सिसिली, पँतेलेरिया, समुद्र असं काहीबाही तरळलं. "बेटावर," मी म्हणालो.

"कुठल्या बेटावर?"

"आयल ऑफ वाइट." इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यासमोरचं, आमच्या जवळचं तेवढंच बेट मला आठवलं.

पुढच्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला: 'चलो आयल ऑफ वाइट! वैद्यांची भेट, नंतर समुद्रकिनारी भेळ. मिनीबस बुक झाली आहे. एकोणीस जणी. मार्गदर्शक: विलासराव.' खाली एकोणीस नमस्कार.

मी तीन दिवस आजारी पडायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

सहलीच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी रमा आली. हातात दोन छोट्या सॅम्पल बाटल्या, चेहरा उतरलेला. "बाबा, मला बायर केलंय! सिसिली आणि खालची बेटं, सगळं खरेदी माझा! आणि ही माझा बायर म्हणून पहिला सिलेक्शन आहे. दोन्ही पँतेलेरियाचेच. सोमवारी दोन्हीतला एक सांगायचंय. तू टेस्ट कर ना, प्लीज. चूक झाला तर..." तिने बाटल्या टेबलावर ठेवल्या. आई शैलाताईंकडे गेलेली होती. मी पुढचं दार लावलं. रमाने दोन ग्लास भरले. मी ग्लास फिरवला, हुंगला, विचार केला.

"दोन्ही छान आहेत," मी म्हणालो.

"बाबा! हे मी बसमध्ये कुणालाही विचारलं असतं!"

तेवढ्यात मागून आवाज आला. "माझं औषध बाहेर कुणी काढलंय?"

आई मागच्या दाराने आली होती, वासाच्या मागावर. टेबलाशी येऊन तिने दोन ग्लास पाहिले, बाटल्यांवरची चिठ्ठी पाहिली, रमाकडे पाहिलं.

"आजी, हे औषध नाहीये. वाईन आहे. माझा काम आहे हा."

"द्राक्षांचं काम आहे ना तुझं?"

रमा माझ्याकडे वळली. "बाबा, तू आजीला काय सांगितलंस?"

मग मी सगळं सांगितलं. तपकिरी बाटली, तेरा वेळा भरणं, विंचेस्टर, वैद्य, मिनीबस. मी आयुष्यात एका दमात इतका कधी बोललो नव्हतो. मेधा जिन्यात उभी राहून ऐकत होती. मधेच फक्त म्हणाली, "म्हणजे शुगर आईंची तपासायला हवी होती!"

रमाचे डोळे भरले. "म्हणजे माझ्या कामाचा तुला लाज वाटतो?"

त्या वाक्याचं व्याकरण चुकलं होतं, पण ते बरोबर जागी लागलं. ऑफिसभर जिच्या नावाने मिरवलो, तिला स्वतःच्या आईसमोर मी द्राक्षाच्या पेटीमागे लपवलं होतं.

आई खुर्चीत बसली. मग रमाला म्हणाली, "म्हणजे मी चार महिने दारू प्यायले."

रमाने डोळे पुसले आणि कपाटातली तपकिरी बाटली आणली. "आजी, लेबल वाच. खऱ्या आसवात पण थोडा अल्कोहोल असतो. तू फिफ्टी इयर्स पितेस."

"ते आपोआप होतं. कुणी घालत नाही."

"वाईनमध्ये पण आपोआपच होतो, आजी. कुणी घालत नाही."

मुख्याध्यापिकेला बिनतोड उत्तर मिळाल्याचं मी आयुष्यात प्रथमच पाहिलं. आईने ते लेबल पुन्हा एकदा वाचलं. मग तिने एक ग्लास ओढला. प्यायली नाही, नुसता नाकाशी धरला. डोळे मिटले. दुसरा धरला.

"ह्याचा बेदाणा जास्त राहिलाय उन्हात. करपलाय. गोडी आहे, पण मागे कडवट आहे." दुसऱ्या ग्लासाला बोट लावलं. "हा वेळेवर उचललाय. मामा असते तर हाच घेतला असता."

रमाने लॅपटॉप उघडला. पहिल्या वाइनच्या माहितीत लिहिलं होतं, त्या वर्षी आफ्रिकेकडून गरम वारा आला आणि द्राक्षं उचलायला उशीर झाला. रमाने ते दोनदा वाचलं. मग उठून आजीला मिठीच मारली. "आजी, कंपनीत माझा बॉस इतका सांगू शकत नाही!"

"तुझ्या बॉसचे मामा तासगावचे नसतील," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "दारूचं मी बघून घेईन. औषध म्हणून घेतलं, मनाने स्वच्छ होते. पण चौपन्न वर्षांचा घोडा आईपासून बाटली लपवतो, ते ठीक; पोरगी लपवतो?"

याला 'बघू' म्हणता येत नाही. मी 'हं' म्हणालो.

"आता उद्याची बस," मी चाचरत म्हटलं, "रद्द..."

"मुळीच नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही साउदॅम्प्टनहून फेरीबोटीने निघालो. एकोणीस बायका, आई, रमा आणि भेळेचे डबे उचलायला मी. बेटावर उतरल्यावर शैलाताईंनी पहिला प्रश्न केला, "वैद्य कुठे?" मी भेळेचे डबे मोजायला लागलो. आई पुढे झाली, रमाचा हात धरला आणि वर्गात बोलायची त्या आवाजात म्हणाली, "वैद्य आपल्याबरोबरच आलाय. ही माझी नात. समुद्रातल्या बेटांवरून वाईन निवडून आणते. अख्ख्या सिसिलीचं काम हिच्याकडे आहे. मी चार महिने जे घेत होते ते हिनं निवडलेलं." मग सगळी हकिकत सांगितली. माझा भाग तर तिने फारच रंगवला. बायका हसत सुटल्या, मग रमाभोवती जमल्या. कोळंबीबरोबर काय, उकडीच्या मोदकाबरोबर काय, असे प्रश्न सुरू झाले. रमा उत्तरं देत होती आणि आई तिच्याकडे बघत होती. तसं आईने मी दहावीला केंद्रात पहिला आलो तेव्हासुद्धा माझ्याकडे पाहिलं नव्हतं. मला हेवा वाटायला हवा होता. माझी छाती उलट दोन इंच वाढली होती.

त्या वाढलेल्या छातीनेच घात केला.

"सगळं हिला मीच शिकवलं," मी म्हणालो.

रमाची भुवई वर गेली. आईने शांतपणे पिशवीतून स्टीलच्या दोन वाट्या काढल्या, शैलाताईंना जवळ बोलावलं, पाठ करून काहीतरी ओतलं आणि माझ्यासमोर धरल्या. "सांग बघू. यातली रमाची वाईन कुठली?"

एकोणीस बायका गोल करून उभ्या राहिल्या. मी पहिली वाटी चाखली. पातळ, बेचव. बाजूला ठेवली. दुसरी वाटी हळुवार गोल फिरवली, हुंगली, डोळे मिटले, घोट घेतला. आहाहा!

"ही," मी म्हणालो. "यात शंकाच नाही. ज्वालामुखीची माती, समुद्राची खारी हवा आणि शेवटी लवंग-दालचिनीची एक नाजूक छटा. हे फक्त पँतेलेरियालाच जमतं."

रमाने कपाळावर हात मारला. "बाबा, वाईन पहिल्यात होता. आजीने समभाग पाणी घातलं होतं."

"मग हे काय आहे?"

शैलाताईंनी पर्समधून स्वतःची द्राक्षासवाची बाटली वर काढली. आईने ती हातात घेतली, चष्मा लावला आणि लेबलाची शेवटची ओळ सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली.

"'घेण्यापूर्वी चांगले हलवावे.'" तिने चष्मा काढला. "तेवढं मात्र पोरानं बरोबर केलं हो."