दादाचे डोळे

२०२२ साल. मला एकाहत्तर झालेली. शाळा चौथीपर्यंत, पण एके काळी ठाण्यातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या माझ्या हातच्या होत्या, हे मी कोणालाही तोंडावर सांगतो. आता पाट्या छापून येतात. मी डोंबिवलीत मुलाकडे राहतो आणि बसून असतो.

बसल्या बसल्या एक गोष्ट ध्यानात आली. मला दादाचे डोळे आठवेनात.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. बाळकुमला गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचा, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचा. सकाळी आंघोळ करून, कोणाशी न बोलता. आखणीचा ब्रश वेगळा, गोल, टोकाला केसाएवढा. त्याला दुसऱ्याने हात लावायचा नाही. त्याने दिला तरच. मी एकदा न विचारता उचललेला. सगळ्या कारागिरांसमोर म्हणाला, "ठेव तो. तुझा हात पाटीचा. डोळे शिकायचे तर मागून घे."

मी मागितला नाही. तो गेला तेव्हाही आमचं बोलणं नव्हतं. तेराव्यानंतर वहिनी पत्र्याची एक डबी घेऊन आली.

"मागायला आला तर दे, म्हणालेले. तुम्ही काही यायचे नाही, म्हणून मीच आणली."

डबी मी कपाटावर टाकली. घरं बदलली, डबी बरोबर आली, पण उघडली नाही.

त्याचा फोटो एकच, त्यात फ्लॅशमुळे डोळे मिटलेले. तेव्हा म्हटलं, आपणच काढू. शाईची रेघ, वर पाण्याचे रंग.

स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. दुकानवालीने गोल, चपटे, लांब केसांचे, सगळे ब्रश पुढ्यात मांडले. मी सवयीने कोरडेच अंगठ्यावर दाबून पाहिले आणि चपटा उचलला.

"काका, काढायचंय काय?"

"भावाचं तोंड."

"मग गोल घ्या. पोटात पाणी धरतो आणि टोकाने बारीक रेघ येते. आणि भिजवून बघा हो, कोरडा ब्रश काय सांगणार?"

"चाळीस वर्षं चपट्यानेच लिहिलंय, बाई."

"पाटीला पापण्या नसतात, काका."

मी चपटेच घेतले. तीन.

चपट्याने कपाळ आलं, जबडा आला, खांदे तर झकास. डोळे काढले की दोन अक्षरं बसवल्यासारखे दिसायचे. पाटीच्या रंगात चुकलं तर वरून हात मारता येतो. पाण्याच्या रंगात चूक खालून बघत राहते. पाच कागद वाया गेले. सहाव्यावर डोळ्यांची जागा कोरीच सोडली आणि तो भिंतीला लावला.

तेव्हापासून त्या खोलीत मी एकटा नव्हतो. जेवायला बसलो की पाठीला कळायचं. डोळे नाहीत, तरी बघतोय. शेवटी कागद उलटा लावला, तर पातळ कागदातून तोंड मागच्या बाजूनेही उमटलेलं.

सुनेने तो परत सुलटा केला.

"बाबा, हे कोण?"

"माझा भाऊ."

"मग डोळे का नाही काढले?"

"येत नाहीत मला." एवढे तीन शब्द बोलायला मला एकाहत्तर वर्षं लागली.

"मग कोणाकडून तरी शिका ना," ती म्हणाली आणि कुकर बंद करायला गेली.

संध्याकाळभर मी कपाटाच्या माथ्याकडे बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ केली. सुनेला आदल्या दिवशीच सांगून ठेवलेलं, सकाळी माझ्याशी बोलू नकोस. स्टुलावर चढून डबी काढली. कागदासमोर उभा राहिलो आणि मोठ्याने म्हटलं, "दादा, ब्रश दे."

मग झाकण उघडलं. केस वाळून फिसकटलेले. पाण्यात बुडवला, एक झटका दिला, तसं टोक आपोआप जुळून आलं. शाईला टेकवला आणि डाव्या डोळ्याची वरची पापणी ओढली.