हेडसरांची काचपेटी

सदर इसमाचं वर्णन येणेप्रमाणे. वय एकसष्ट. व्यवसाय काचकाम. बांधा मध्यम. डाव्या अंगठ्यावर जुन्या कापल्याची आडवी खूण. अनुभव चाळीस वर्षे. बसवलेल्या काचांची एकूण संख्या उपलब्ध नाही. त्यांपैकी ज्या फुटल्या त्या ग्राहकांनी स्वतःच्या हाताने फोडल्या. सदर इसमाविरुद्ध आजवर आलेल्या तक्रारी : निरंक.

लोक त्याला सूतभर म्हणत. इंचाच्या आठव्या भागाला कारागीर सूत म्हणतात, आणि हा माणूस कुणाच्याही घरी गेला की चौकटीला पट्टी लावून पहिलं वाक्य एकच बोलायचा, "सूतभर बाहेर आहे." चौकट बाहेर असायचीच. तो लांबून दिसला तरी गवंडी चहा अर्धा टाकून उठत.

अशा माणसाच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात, खिडकीच्या एका तावदानाच्या जागी अकरा वर्षं पुठ्ठा होता. त्याचं आश्चर्य वाटण्याचं कारण नाही. लोकांच्या काचा बसवून घरी आलेल्या माणसाला पुठ्ठ्यातूनही पुरेसं दिसतं.

त्याची बायको शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. नऊ वर्षांपूर्वी शाळेनं ठरवलं की मुलांना बेडूक यापुढे चित्रातच दाखवायचा. तिच्या हातात कागद पडला : "जिवंत साहित्य निकाली काढावे." तिनं सही केली आणि साहित्य पिशवीत घालून घरी आणलं. दोन बेडूक. पानाच्या रंगाचे, तळहातावर मावणारे, भिंत चढणारे.

"हे घरात राहणार?" सूतभरनं विचारलं.

"तुम्ही नाही का राहत? आणि हे निदान किडे तरी खातात."

त्यातला एक रोज दिवेलागणीला, तास संपल्यासारखा, ओरडायचा. त्याचं नाव हेडसर पडलं. दुसरी कधी तोंड उघडायची नाही. ती मॅडम. बायकोनं धुण्याच्या मोठ्या प्लास्टिकच्या टबाला झाकण मिळवलं, तापल्या सुईनं झाकणाला भोकं पाडली, आत ओलं शेवाळ आणि एक उपडी कुंडी ठेवली. नळाचं पाणी एक दिवस बादलीत उघडं ठेवायचं आणि मगच आत घालायचं, हा तिचा नियम. मग ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, यांना काचेची पेटी करा ना. टबात मला दिसतच नाहीत."

"बघू," तो म्हणाला.

काचेचा धंदा करणाऱ्यानं "बघू" म्हटलं की ते खरंच वाटतं. नऊ वर्षांत ती तीनदा म्हणाली. तिन्ही वेळा तो "बघू" म्हणाला. चौथ्यांदा ती म्हणाली नाही.

हेडसर ओरडले की शेगडीपाशी असेल तिथून ती उत्तर द्यायची, "हो हो, आले!" जायची मात्र नाही. सूतभर वर्तमानपत्रामागून म्हणायचा, "बेडकाला हो म्हणतेस आणि मला दहादा विचारायला लावतेस."

"तो रोज विचारतो. तुम्ही कधी विचारलंत?"

हिवाळ्यात ती गेली. तीन आठवडे आजारी होती, त्यातले पहिले दोन तिनं कुणाला कळू दिले नव्हते.

आलेगेले पांगले त्या संध्याकाळी हेडसर ओरडले. घरात कुणी उत्तर दिलं नाही. थोडं थांबून ते पुन्हा ओरडले. सूतभर स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "हो हो." पुढचा शब्द त्याला म्हणता येईना. अडचण व्याकरणाची होती. "आले" म्हणावं तर ते त्याचं नव्हतं, आणि "आलो" म्हणावं तर ते तिचं उरत नव्हतं. रोज तो "हो हो" वरच थांबू लागला. हेडसरांना तेवढं पुरत असावं. ते गप्प व्हायचे.

लग्न होऊन लांब गेलेली लेक दर रविवारी दिवेलागणीला फोन करायची. "बाबा, जेवलात का" हे विचारून झालं की म्हणायची, "फोन जरा टबाजवळ धरा." बेडूक ओरडायचा, ती ऐकायची, आणि मग काही न बोलता दोघंही फोन ठेवायचे. त्या घरात पूर्वीसारखी राहिलेली तेवढी एकच गोष्ट होती.

मग एके दिवशी त्यानं पेटी करायला घेतली.

ज्याची माहिती नाही ते विचारायचं, हा त्याचा खाक्या. तो बाजारातल्या मासेवाल्याकडे गेला, म्हणजे काचेच्या टाकीतले शोभेचे मासे विकणाऱ्याकडे. तिथं स्टुलावर बसून त्यानं एकेक गोष्ट पुसून घेतली. झाकणाला लाकडाची चौकट चालेल? वाळवीचं औषध मारलेली नको. तांब्याची जाळी? अजिबात नको, काका, तांबं बेडकाला बाधतं. बांधकामावरची खडी? सिमेंटची धूळ असते, नको. नदीतले गोटे आणा, गुळगुळीत, उकळून घ्या. रंग? कशाला हवाय रंग?

"काका, तुम्ही जावयासाठीसुद्धा एवढी चौकशी केली नसेल," मासेवाला म्हणाला.

"जावई सूतभर बाहेरच होता," सूतभर म्हणाला. "चालवून घेतला."

त्यानं गोटे उकळले. औषध न मारलेलं लाकूड मिळेना, तेव्हा चौकट स्टीलची केली. काच हिऱ्यानं कापली, प्रत्येक कड दगडावर घासली आणि स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून पाहिली. राहिले जोड. जोडाबद्दल त्यानं कुणाला विचारलं नाही. चाळीस वर्षं लोकांच्या न्हाणीघरात काचा बसवणारा माणूस काचेला काच कशानं जोडावी हे माशांच्या दुकानात विचारणार? त्यानं सिलिकॉनची सगळ्यांत भारी नळी आणली. ओलीत दहा वर्षं बुरशी न धरणारी. बेडकांची पेटी सदा ओली, म्हणजे हीच हवी. गिऱ्हाइकांना तो ही नळी क्वचितच वापरून द्यायचा. बोट पाण्यात बुडवून त्यानं चारही कोपऱ्यांतून अशी रेघ ओढली की जोड कुठे आहे ते दिसू नये. चार दिवस पेटी सुकू दिली. वास पूर्ण गेला. मग दोघांना आत सोडलं.

मॅडम कुंडीखाली गेल्या. हेडसर काच चढून वरच्या कोपऱ्यात, बरोबर जोडावर, पोट टेकवून बसले. सूतभरनं खुर्ची ओढली आणि समोर बसला. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यानं बेडूक नीट पाहिला. गळ्याची कातडी हलत होती. "कोपरा बघा कसला निवडला," तो मोठ्यानं म्हणाला. घरात कुणी नव्हतं.

दोन दिवस हेडसर तिथंच बसले आणि वेळेवर ओरडले. तिसऱ्या दिवशी ओरडले नाहीत. चौथ्या सकाळी ते खाली गोट्यांवर होते आणि मागचे पाय त्यांच्या मागून नुसते ओढले जात होते.

ओल्या फडक्यात गुंडाळून सूतभर त्यांना घेऊन धावला. मासेवाल्यानं फडकं उघडून पाहिलं.

"तांबं?"

"नाही."

"गोटे उकळले होते?"

"दोनदा."

"जोडाला काय लावलं?"

"त्याची काळजी नको," सूतभर म्हणाला. "भारीतलं आहे. दहा वर्षं बुरशी धरणार नाही."

मासेवाल्यानं फडकं हलक्या हातानं पुन्हा मिटलं.

"काका, बुरशी धरत नाही, कारण बुरशी मारायचं औषध त्यात कालवलेलं असतं. ते झिरपत राहतं. आणि बेडूक पाणी तोंडानं पीत नाही. कातडीनं पितो."

"पण वास तर गेला होता."

"वास जातो." मासेवाला म्हणाला. "साधं घ्यायचं असतं. सगळ्यांत साधं. मला विचारायचंत तरी."

"सगळं विचारलं होतं."

"हे नाही विचारलंत."

हे त्यानं विचारलं नव्हतं. हेडसर दुपारी फडक्यातच गेले. सूतभरनं मॅडमना तीनदा स्वच्छ पाण्यानं धुतलं, कालच्या बादलीतल्या, आणि परत टबात ठेवलं. जुन्या टबाच्या झाकणाची भोकं त्यानं सवयीनं पट्टीनं मोजली. एकाही ओळीत सरळ नव्हती. त्याखाली दोन बेडूक नऊ वर्षं जगले होते.

रविवारी लेकीचा फोन आला.

"बाबा, पेटी झाली?"

"झाली."

"आईनं बघायला हवी होती."

"हो."

"हेडसर काय म्हणतात? धरा ना फोन."

त्यानं फोन टबाजवळ धरला. दिवे लागले होते. पुठ्ठ्याच्या फटीतून शेजारच्या घरातला उजेड शेगडीवर पडला होता. पलीकडे लेक श्वास धरून थांबली होती.

"बाबा, ऐकू नाही आलं. ओरडेल ना?"

"बघू," तो म्हणाला.

टबात शिल्लक : एक. ती मादी आहे. मादी ओरडत नाही.