देवी निघाल्या तेव्हा उशाशी कोण होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आणि मी कोण? आर्णीच्या मोटार स्टँडवर चहाचं हॉटेल चालवणारा माणूस! अरुणावतीच्या पुरात म्हशीचं शेपूट धरून पैलतीर गाठला अन् वाटेत तिचं दूधही काढलं, हे अख्ख्या तालुक्याला ऐकवून झालंय. वाघ हॉटेलात येऊन कडक चहा मागून गेला — तेही. लोक हसायचे, आणखी एक कप मागवायचे. मग ही एकच गोष्ट एवढी वर्षं आत कशी राहिली? सांगतो. थकलो आता. हिच्यात हसण्यासारखं काही नाही, म्हणून सुरुवातच जमत नाही.

बायको गिरिजा, माहेर महागाव. आमचं का फिसकटलं? तिला घरात एक खरं बोलणारा माणूस हवा होता, एवढंच. एके दिवशी मुलीला, सुमनला, घेऊन ती भावाकडे निघून गेली. पोळ्याला मी सुमीला चार दिवस म्हणून आणलं — आणि परत पाठवलंच नाही. गिरिजानं यवतमाळच्या कोर्टात अर्ज केला. मुलांच्या ताब्याचा नवा कायदा नुकताच झाला होता. माझे वकील म्हणाले, "पोरगी पाचाच्या आत असती तर आईकडेच गेली असती. आता जज्जसाहेब तिलाच विचारतील."

तिलाच विचारतील! हे ऐकून मी काय केलं असेल? खाऊ आणला? नवा झगा शिवला? छे. मी गोष्ट सांगितली.

सुमी लहान असताना तिला देवी निघाल्या होत्या. गालावर वण राहिले, आठवण मात्र काही नाही. आरशात बघून ती विचारायची. मग मी सांगू लागलो — तुझी आई भिऊन माहेरी पळाली, अन् हा बाप तुझ्या उशाशी बसला. कडुलिंबाच्या डहाळीनं वारा घालत. घरात फोडणी नाही, मोठ्यानं बोलणं नाही. तू खाजवू नयेस म्हणून तुझे दोन्ही हात हातात धरून. बघा — ना वाघ, ना म्हैस. जन्मात एवढी बेताची गोष्ट मी कधी रचली नव्हती. गिऱ्हाईक नसलं की भट्टीजवळ बसून सांगायचो. होता होता सुमीच मला सांगू लागली, "बाबा, तुमचा हात थंडा थंडा लागे मले."

आणि खरं? खरं हे की उशाशी गिरिजा होती. डहाळी तिच्या हातात होती. थंडा हात तिचा. मी ते सगळे दिवस हॉटेलच्या बाकावर झोपलो — मला लागण होईल या भीतीनं. पेजेचं भांडं उंबऱ्याबाहेर ठेवून पळायचो, आणि गिऱ्हाइकांना सांगायचो, देवीशी मी कशी हुज्जत घातली ते.

साहेबांनी सुमीला आतल्या खोलीत विचारलं. मग आम्हा दोघांना बोलावून म्हणाले — मुलगी म्हणते, दुखण्यात आई टाकून गेली, वडील उशाशी होते. तिला वडिलांकडेच राहायचंय. गिरिजा ओरडली, "मी होती साहेब! मीच होती!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. कोण होतं?

तोंड उघडलं की तासभर न मिटणारा मी — त्या दिवशी एकच शब्द बोललो. "मी."

सुमी माझ्याकडे राहिली. कोर्टाच्या व्हरांड्यात गिरिजा हळूच म्हणाली, "पोरगी नेली ते नेली. थे दिवस तं माहे होते. थेही नेले?"

मी सुमीला घेऊन मोटारीकडे चालू लागलो. मला सुमी हवी होती, की माझं सगळं खरं मानणारा एक जीव हवा होता? काहीही असो — त्यानं काय बदलतं?

गिरिजा बाजाराच्या दिवशी भेटायला यायची. बाकावर बसायची, चहाला हात लावायची नाही. सुमी आतून बाहेर यायची नाही. पुढं गिरिजानं येणं सोडलं. सुमीच्या लग्नाला मी तिला बोलावलंही नाही.

गेल्या साली बाभुळगावला सुमीकडे गेलो. तिच्या पोराला गोवर निघाला होता. डोळे लाल, केस विस्कटलेले — ती पोराचे हात धरून बसली होती. सासू म्हणाली, "अवं, जरा पड नं. मी बसतो."

"नाही जी, मामीजी. माह्या बाबानं मले अस्संच जपलं. आई तं पळून गेलती."

सासूनं कौतुकानं माझ्याकडे पाहिलं. "असा बाप नाही पाह्यला बाप्पा!"

मी मान डोलावली. गिरिजा महागावातच आहे. जिवंत आहे. मला माहीत होतं, आणि मी मान डोलावली.