दाराजवळचं स्टूल

आमच्या शिलाईच्या दुकानात दोन सत्ता आहेत. मशीनवर माझी आणि उजेडावर माझ्या बायकोची. दोघांचं वाजलं तर उजेड जिंकतो, हे मी मुकाट्याने मान्य करून टाकलंय. दाराजवळच्या स्टुलावर कुणी फोटोसाठी बसलं, की ती मागे वळूनही न बघता म्हणते, "अहो, ट्यूब बंद करा." मग मी अंधारात सुई ओवत बसायचं. डोळे माझे, चष्मा माझा, पण तक्रार करायची सोय नाही.

हे सुरू झालं तिच्या भावामुळे. त्याने नवा कॅमेरा घेतला आणि जुना हिच्या गळ्यात मारला. त्याचा फ्लॅश मोडलेला होता. "बरंच झालं," ही म्हणाली, "फ्लॅशमध्ये माणूस चोरी करताना सापडल्यासारखा दिसतो." दारातून येईल तेवढ्याच उजेडात चेहरे टिपायचे, असं तिने मनावर घेतलं. आता सराव कुणावर करणार? मला गप्प बसवणं तिला लग्नापासून जमलेलं नाही. म्हणून तिने कोट अडकवायचा पुतळा दारात ओढला. त्याला डोकं नव्हतं, तर मानेवर कोबीचा गड्डा बसवला. ऊन असो, आभाळ भरलेलं असो, गड्ड्याचे फोटो चालूच. पुतळा दारापासून जरा आत सरकवला की सावली कशी मऊ होते, अंधाऱ्या बाजूला पांढरं अस्तर धरलं की पानांच्या खाचा कशा उजळतात, हे ती तासन्‌तास बघायची. कोटाच्या ट्रायलला आलेला एक वकील तो अवतार पाहून दारातूनच मागे फिरला होता. संध्याकाळी त्याच गड्ड्याची भाजी झाली. "चला, माझा प्रतिस्पर्धी शिजला," मी म्हटलं. ती हसली नाही. तिचं लक्ष ताटावर पडलेल्या उजेडात होतं.

आता लोक माप द्यायच्या निमित्ताने येतात आणि फोटो काढून घेतात. मला खरं तर राग यायला हवा. पण छाती फुगते, त्याला मी काय करू? भिंतीवर बेकरीवाला आहे, शाळेची बस चालवणारी मावशी आहे, समोरचे बहिरे आजोबा आहेत. जवळ जाऊन त्यांच्या डोळ्यांत बघा, प्रत्येकाच्या बुबुळात एक इवलासा पांढरा चौकोन दिसेल. ते आमच्या दुकानाचं दार आहे. एवढ्या लोकांच्या डोळ्यांत आमचं दार आहे, ही काही साधी गोष्ट नाही.

त्याच स्टुलावर एका सकाळी सिस्टर येऊन बसल्या. त्या इस्पितळात नर्स. सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणते आणि सगळी गल्ली त्यांना टरकून असते. पण त्या दिवशी त्यांना ओळखायला मला क्षणभर लागलं. मोठ्या आजारातून नुकत्याच उठल्या होत्या. अंगावरचा ड्रेस मीच शिवलेला, आणि तो त्यांच्या अंगावर नुसता लोंबत होता.

"लेकीला फोटो पाठवायचाय, वहिनी," त्या म्हणाल्या. लेक परगावी नर्सिंग शिकत होती आणि शेवटची परीक्षा तोंडावर होती. "ती म्हणते, व्हिडिओ कॉलवर तू मुद्दाम अंधारात बसतेस. वहिनींच्या हातचा फोटो पाठव, नाहीतर परीक्षा सोडून निघते. तेव्हा वहिनी, जरा धडधाकट दिसू दे मला. पोरीचं वर्ष जाईल हो."

तोंडाला पावडर थापलेली, ओठांवर उसनं हसू. बायकोने दोन-तीन फोटो काढले आणि कॅमेरा पुढे केला. सिस्टर खुलल्याच. गालांवर काय सुरेख लाली आली होती!

"हाच पाठवा! आजारी कोण म्हणेल?"

बायकोने फोटोकडे बघितलं, मग दाराबाहेर. तिथे मी एका कोटाचं लालभडक अस्तर धुऊन वाळत टाकलं होतं. कापड आधीच आटलेलं बरं, नाहीतर शिवल्यावर कोट आखडतो. त्यावर पडलेलं ऊन थेट सिस्टरच्या गालांवर येत होतं.

"सिस्टर, हा रंग तुमचा नाही. अस्तराचा आहे."

"असू दे की! परीक्षा तर होईल."

"ती नर्स होतेय. परीक्षा देऊन घरी आली की दारातच ओळखेल. मग तुमच्या कुठल्याच बोलण्यावर विश्वास ठेवणार नाही."

सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग हा असा चेहरा पाठवू? पहिल्या गाडीने निघेल ती."

मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, ते अस्तर काढा आधी," बायको म्हणाली.

मी धावत गेलो, अस्तर ओढलं आणि त्यातली टाचणी कचकन अंगठ्यात घुसली. मी असा ओरडलो की समोरच्या बहिऱ्या आजोबांनीही मान वर केली. आत येतो तोच सिस्टरनी माझं मनगट धरलं.

"उजेडात या इकडे! टाचणी गंजलेली होती? धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंत? आठवत नाही? दिवसभर सुयांशी खेळता आणि आठवत नाही म्हणता? हलू नका!"

माझा अंगठा दाबून धरून त्या मला सोलून काढत होत्या, आणि शेजारून कॅमेऱ्याचा आवाज येत होता. नवऱ्याचं रक्त वाहतंय, तर बायको म्हणते कशी, "अहो, जरा डावीकडे सरका. सिस्टरवर सावली पडतेय."

त्या फोटोत काही झाकलेलं नाही. गालांची हाडं वर आलीत, डोळ्यांखाली काळं आहे, मान काडीसारखी. पण कपाळाला आठी आहे, तोंड बोलता बोलता उघडं आहे आणि नजर अशी धारदार, की इस्पितळातला अख्खा वॉर्ड उठून बसावा. खाली कोपऱ्यात माझा अंगठा.

सिस्टर कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग नाक पुसून म्हणाल्या, "पाठवा."

पाठवला. सिस्टर स्टुलावरून हलल्या नाहीत. थोड्याच वेळात लेकीचा फोन आला. बायकोने फोन स्पीकरवर टाकला.

"आई, किती वाळलीस गं," पोरगी म्हणाली आणि पुढे नुसतं मुसमुसणं ऐकू आलं. सिस्टरनी डोळे मिटून घेतले.

मग तिकडून आवाज आला, "आणि तो अंगठा कुणाचा? कुणाला झापतेयस?"

"टेलरभाऊंना. इंजेक्शन घेत नाहीत वेळेवर."

पोरगी रडता रडता हसायला लागली. "मग तू बरी आहेस. मी परीक्षा देऊनच येते. आणि त्यांना सोडू नकोस, आजच इंजेक्शन घ्यायला लाव."

सिस्टर मला इस्पितळात न्यायला तिथल्या तिथे उठल्या. बायको दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, कॅमेरा पोटाशी धरून. "अहो, जाताना ट्यूब लावून जा," ती म्हणाली. मी लावली नाही. दारातला उजेड तिच्या ओल्या गालावर होता. भिंतीवर गल्लीतले सगळे आहेत, फक्त ती नाही, कारण कॅमेरा कायम तिच्याच हातात. सिस्टर हात ओढत होत्या, तरी मी हललो नाही. अंगठा ठणकत होता आणि मी माझ्या बायकोकडे पोटभर बघून घेतलं.