बाराव्या मजल्यावरचा फराळ

सिंगापूरला आल्यावर पहिले सहा महिने मी ऑफिसबाहेर कोणाशी बोललोच नाही म्हटलं तरी चालेल. मुलीची दहावी आणि बायकोची नोकरी, म्हणून त्या दोघी पुण्यात, आणि मी आंग मो किओ भागातल्या एका काँडोत, म्हणजे खासगी सोसायटीत, कंपनीने दिलेल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये एकटा. एक बेडरूम मुलगी सुट्टीत येईल म्हणून लावून ठेवलेली. खाली स्विमिंग पूल, जिम, आणि लिफ्टमध्ये एकमेकांकडे न बघता मजल्यांचे आकडे बघणारी माणसं. पुण्यात शेजाऱ्यांच्या चौकशांना मी कावायचो. इथे कोणी चौकशी करीना, तर जीव नुसता कासावीस व्हायचा.

रस्त्यापलीकडे सरकारी घरांची एक जुनी इमारत होती. तिचा तळमजला मोकळा. इथे त्याला वॉइड डेक म्हणतात. दगडी टेबलं, स्टुलं, वारा बरा. रविवारी सकाळी जवळच्या हॉकर सेंटरमधून, म्हणजे खाण्याच्या स्वस्त टपऱ्यांच्या मंडईतून, कॉफी घ्यायची आणि तिथे जाऊन बसायचं, असं मी सुरू केलं. घरात फ्रीजचा आवाज ऐकत बसण्यापेक्षा ते बरं.

तिथेच अंकल भेटले. सत्तरी ओलांडलेले चिनी गृहस्थ. हॉकर सेंटरमध्ये रोज उष्टे ट्रे उचलायचं काम करायचे. इथे वडीलधाऱ्या माणसाला अंकलच म्हणतात, त्यामुळे नाव विचारायचं राहिलं ते राहिलंच. केस ओले, भांग चापून पाडलेला, शर्ट धुतलेला, शेजारी एक फुगलेली पिशवी. या वयात काय टापटीप आहे, असं मला कौतुक वाटायचं. भारतात बर्फ पडतं का, रोज भातच खाता का, मुलगी फोन करते का, असं काहीबाही ते विचारत. मी माझ्या बॉसच्या कागाळ्या सांगायचो. “बॉस सगळीकडे सारखाच लाह,” म्हणायचे. वाक्याच्या शेवटी ‘लाह’ लावायची इथली पद्धतच आहे. आठवड्यात मला कोणी प्रश्न विचारणारं असं ते एकटेच होते, म्हणून मी शनिवारपासूनच रविवारची वाट बघायचो.

कुठे राहता, असं एकदा विचारलं, तर त्यांनी बोट वर केलं. “बारावा मजला. कोपऱ्यातलं घर.”

“वारा छान येत असेल.”

“खूप वारा.”

मग मी त्यांच्या मागेच लागलो. “अंकल, एकदा चहाला तरी बोलवा. का बायको रागीट आहे?” ते हसायचे. घर लहान, पसारा फार, म्हणायचे. मला मनातून थोडा रागही यायचा. पाहुणचाराच्या बाबतीत लोक आम्हा पुणेकरांना उगाच नावं ठेवतात, हे तर आमच्या वरताण निघाले! पण खरं सांगायचं तर मला कोणाच्या तरी घरात जायचं होतं. कोणीतरी दार उघडून ‘या’ म्हणावं, बस, एवढंच.

दिवाळी आली. व्हिडिओ कॉलवर बायकोच्या शिव्या खात मी चिवडा केला. लाडू वळले ते बसले, तसेच ताटात ठेवले. चकल्या विकत आणल्या. फराळ असा रस्त्यात कोणाच्या हातात टेकवायचा नसतो, ताट घेऊन दारात जायचं असतं, आणि येतोय म्हणून कळवायचंही नसतं, असं माझी आई मानायची. मीही ताटावर रुमाल झाकला आणि न कळवता बारावा मजला गाठला. आता कसं टाळतात बघू, असं म्हणत बेल वाजवली.

दार एका मध्यमवयीन बाईने उघडलं. अंकल आहेत का, विचारलं. कोण अंकल, म्हणाली. मी वर्णन केलं. तिने एकदा ताटाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

“खालचे? सायकल स्टँडमागे झोपतात ते? तुम्हाला माहीत नाही?” मग तिचा आवाज बदलला. “त्यांनी माझ्या घराचा पत्ता दिला?”

“नाही नाही, माझाच घोटाळा झाला,” मी म्हणालो. पण तिने दार लावूनही घेतलं होतं.

खाली आलो तर अंकल नेहमीच्या स्टुलावर. त्यांना ताट दिसलं आणि मी कुठल्या लिफ्टमधून आलो तेही. मी रुमाल काढला. त्यांनी एक चकली उचलली, सावकाश खाल्ली, “कुरकुरीत,” म्हणाले. मी बॉसबद्दल काहीतरी सांगायला लागलो. तेव्हाच बोलायला हवं होतं.

पुढच्या रविवारी गेलो तर गळ्यात ओळखपत्रं घातलेली समाजकल्याण खात्याची दोन माणसं अंकलशी बोलत उभी होती. एक तरुण मुलगी, एक पुरुष. स्टँडमागचे पुठ्ठे घडी करून भिंतीला लावलेले. बाराव्या मजल्यावरून तक्रार गेली असणार, हे मला विचारावं लागलं नाही. इतके दिवस इमारतीतल्या सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे गप्प होते. मी तेवढा शहाणा, बेल वाजवून आलो.

मुलगी खरोखर मायेने बोलत होती. रात्रीच्या निवाऱ्यात जागा आहे, पण ती बेटाच्या दुसऱ्या टोकाला. तिथून पहाटेच्या ट्रे उचलायच्या कामाला वेळेत पोचता येणार नाही, म्हणजे काम जाणार. भाड्याचं सरकारी घर मिळेपर्यंत काही आठवडे जवळपास कोणी ठेवून घेतलं, तर मात्र इथेच राहता येईल. मग ती माझ्याकडे वळली. “तुम्ही यांना ओळखता ना? मित्र आहात?”

भाडेकरार, काँडोचे गार्ड, बायको काय म्हणेल, माझ्या मुलीच्या पलंगावरची चादर. ही कारणं सगळी खरी होती, पण ती मला नंतर सुचली. त्याआधीच मी बोलून बसलो होतो.

“ओळख अशी नाही. तोंडओळख. कधीतरी इथे बसतो, एवढंच.”

अंकल हातभर अंतरावर उभे होते. त्यांना इंग्रजी कळायला नको होतं, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि माझ्याकडे न बघता त्या मुलीला म्हणाले,

“बरोबर. हा मला ओळखत नाही लाह. कॉफी पितो आणि जातो. चांगला माणूस आहे, याला त्रास देऊ नका.”