दंडाची ढाल

प्राचीन चीनमधल्या छिन राज्यात चुकांची किंमत ढालींत मोजत. कोठारात उंदीर सापडले, कोठारवाल्याला एका ढालीचा दंड. सरकारी बैल रोडावला, राखणदाराला एक ढाल. त्यामुळे सरकारी कारखान्यातल्या छुईला वाटे, लढाया थांबल्या तरी अधिकाऱ्यांच्या चुकांवर आपलं पोट चालेल.

लाकडाची फळी, तिच्यावर भिजवून ताणलेलं बैलाचं कातडं, वर झाडाच्या चिकाच्या रोगणाचे थर, अशा ढाली करण्यात छुई म्हातारा झाला. मागे कारागिराचं नाव कोरायचं. फुटली तर कुणाला धरायचं ते सरकारला कळावं म्हणून. त्याच्या दोन ढाली तपासणीत तडकल्या होत्या. तिसरी तडकली की रवानगी तटबंदीच्या कामावर. त्या वयात तिथे गेलेला माणूस परत आल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

अशात कातडी कुजवल्याबद्दल मुकादम सोंगलाच एका ढालीचा दंड झाला.

"छुई, तपासणीच्या आत ढाल हवी."

"साहेब, रोगणाचे थर वाळायला वेळ लागतो."

"मग थर कमी दे. वरून चकाकली की झालं."

ही तडकणार, आणि नाव छुईचं! तो हात जोडून म्हणाला, "साहेब, दंड तुमचा. त्यावर माझ्यासारख्याचं नाव शोभेल का?"

सोंग फुलला. "खरंच की! माझंच कोर. अक्षरं जरा ठसठशीत काढ."

तपासनीसाने भाला हाणताच ढाल तडकली. त्याने उलटवून नाव वाचलं. "सोंग, ही तू केलीस?"

नाही म्हणावं, तर खोटं नाव कोरल्याचा गुन्हा; तो ढालीवर भागत नसे. सोंग म्हणाला, "हो साहेब. स्वतःच्या हातांनी."

कोपऱ्यात छुई हसू दाबत होता.

तपासनीस मात्र खूश झाला. "मुकादम असून स्वतः राबतोस! ढाल भिकार आहे, आणखी एक स्वतःच करून भर. पण मग इथे एक कारागीर जास्तच झाला." त्याची नजर छुईच्या पांढऱ्या केसांवर थांबली. "या म्हाताऱ्याला तटबंदीवर पाठवा."

सकाळी छुई गाठोडं घेऊन रांगेत उभा राहिला, तोच सोंग धापा टाकत आला. "अरे, एवढं सांगून जा! कातडं भिजवून ताणायचं की कोरडंच?"

"कोरडंच ताणा, साहेब. भिजवलं की चकाकी जाते."

छुईच्या मागे उभा असलेला चांभार खोकल्याचं निमित्त करून खाली वाकला. रांग चालू लागली.