अडतिसाव्या नंबराची फलक

मला लिहिण्याची सवय नाही. पण कुर्बानभाईंबद्दल कोणीतरी लिहायला हवं होतं, आणि त्यांच्या शेजारी मीच राहत होतो.

कुर्बानभाई लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. राहायचे अकोल्यात, जठारपेठेत. कपाशीची वाईट वर्षं आली तशी खेड्यांतली लग्नं साधी होऊ लागली, आणि बँड सगळ्यांत आधी कापला जाई. मुलगी फलक दहावी झाली आणि ते कामाच्या शोधात बिऱ्हाड घेऊन अमरावतीला, आमच्या राजापेठेत आले.

अकोल्यात दरवर्षी पहिली येणारी फलक इथे अकरावीच्या पहिल्याच चाचणीत अडतिसावी आली. तिने जेवण सोडलं.

“अब्बा, मले अकोल्याच्याच कॉलेजात टाका. तिथं मी पयलीच येईन. असा नंबर पाहून फार्मसीले कोण घेईन मले?”

कुर्बानभाई घाबरून माझ्याकडे आले. मी त्यांच्याहून घाबरट, पण दोघं मिळून कॉलेजात गेलो. सर हसले. “वर्गातला नंबर कोणी विचारत नाही हो. राज्याच्या प्रवेश परीक्षेचे मार्क पाहतात.”

फलकला पटेना. “सर काहीही सांगतात!”

“अवं पोरी,” कुर्बानभाई म्हणाले, “गावात क्लॅरोनेटात मीच पयला होतो. काहून? दुसरा कोणी नव्हताच! अकोल्याच्या बँडात आलो त मागच्या रांगेत उभं केलं मले. वाजवणं तिथंच शिकलो.”

“व्वा!” तिची अम्मी, नईमाभाभी, चुलीजवळून म्हणाल्या. “बाप मागच्या रांगेत, बेटी मागच्या बाकावर. खानदानी आहे!”

फलकला हसू फुटलं. जेवली, आणि इथल्याच कॉलेजात राहिली. वर्गात पहिली मात्र ती कधीच आली नाही.

बारावीनंतर प्रवेशाची बातमी आली तेव्हा कुर्बानभाई आमच्याच रस्त्यावर एका वरातीत वाजवत होते. फलक धावत थेट बँडात घुसली. “अब्बा, सरकारी फार्मसी! भेटली!”

कुर्बानभाईंचा सूर असा सुटला की ढोलवाल्यांना दम लागला. घोडा दुडक्या चालीने पळू लागला आणि नवरदेव त्याच्या मानेला बिलगला. नवरदेवाचा बाप मागून ओरडला, “अवो भाई, लगन आमचं हाय! तुमी काहून नाचून राहिले?”

“पोरीले फार्मसी भेटली!”

“मंग अगुदर सांगाचं ना!” म्हणत त्याने फेट्याचा शेमला कमरेला खोचला आणि फलकभोवती फेर धरला.

वरात मांडवात तासभर उशिरा पोचली. नाचणाऱ्यांत मीही होतो.